ओल्या बाळंतिणीची मुदत

गिरणीच्या आवारात अंडं शिजत नसे. तसं कुठे लिहून लावलेलं नव्हतं, पण मल्लिनाथशेठच्या वडिलांपासूनचा तो शिरस्ता होता, आणि तिथे काम करणारी दीडशे माणसं, त्यांतली निम्मी तरी घरी सगळं खाणारी, तो कुरकुर न करता पाळत. म्हणूनच चीनहून लूम बसवायला आलेल्या ल्यांगच्या खिशात रोज एक उकडलेलं अंडं असतं हे जेव्हा सगळ्यांना कळलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून ते न कळल्यासारखं केलं.

त्याला कारणही तसंच होतं. टॉवेलचे बारा नवे लूम वर्षभर खोक्यांत पडून होते. ते बसवून देणाऱ्याला व्हिसा मिळायला चौदा महिने लागले, आणि फेब्रुवारीच्या शेवटी जो माणूस गाडीतून उतरला तो साठी ओलांडलेला, बारीक, पांढऱ्या भुवयांचा, कुणाच्या अध्यात न मध्यात. कँटीनमधली ज्वारीची भाकरी तो मुकाट्याने खाई, शेंगाचटणीने डोळ्यांत पाणी आलं तरी मान डोलावून आणखी मागून घेई. अशा माणसाने चोरून एक अंडं खाल्लं तर काय बिघडलं? अंडं आणून द्यायचा गेटवरचा वॉचमन बडेसाब. त्याची बायको माजिदा ते घरी उकडून, फडक्यात गुंडाळून एका छोट्या डब्यात देई. शेठ येताना दिसले की बडेसाब डब्यावर टोपी झाकी. शेठही अलीकडे गेटपाशी येण्याआधी दोनदा खोकू लागले होते.

दाक्षायणीही या कटात सामील होती. गिरणीची तपासणी-लॅब तिच्या हाताखाली होती. सुताचा पीळ, ताकद, रंगाचा पक्केपणा, धुतल्यावर टॉवेल किती आटतो, हे सगळं एकोणीस वर्षं ती मोजत आणि लिहीत आली होती. एमएस्सीला तिचं रसायनशास्त्र होतं. घर अक्कलकोटकडचं, माहेरी कानडी बोलणारं, अंड्याचा वासही न घेतलेलं. ल्यांग लूमच्या सेटिंगबद्दल विचारायला लॅबमध्ये आला की त्याच्या फुगलेल्या खिशाकडे ती बघायची नाही. एवढाच तिचा कटातला वाटा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. पहिली, परदेशी गिऱ्हाइकाला दरवर्षी पाठवायचा पर्यावरणाचा अर्ज तिने भरला. त्यात चौदावा रकाना होता, ‘आवारातील वन्यप्राणी’. तिने गेल्या वर्षीचा अर्ज समोर ठेवून ‘नाहीत’ लिहिलं आणि सही केली. दुसरी, लॅबमागच्या दोरीवर वाळत घातलेला टॉवेलचा नमुना गायब झाला. महिन्याभरातला हा तिसरा. नमुन्याला कापडी पट्टी शिवलेली असे, तिच्यावर तिच्या अक्षरात नंबर. हा एकशे सोळा होता. तिने सफाईवालीला विचारलं, आणि विचारलं याचंच तिला नंतर दिवसभर वाईट वाटत राहिलं, कारण त्या बाईने नुसतं तिच्याकडे बघितलं होतं.

संध्याकाळी सहाला, ऊन जरा उतरल्यावर, वाऱ्याने उडाला असेल म्हणून ती शेडमागच्या रिकाम्या प्लॉटकडे गेली. तिथे जुन्या मागांचे बिडाचे सांगाडे दहा वर्षं एकावर एक पडून होते. त्यांच्या अलीकडे ल्यांग उकिडवा बसला होता. त्याने खिशातून अंडं काढलं, सोललं नाही, एका विटेवर ठेवलं. शेजारी चहाच्या थर्मासचं झाकण ठेवून त्यात पाणी ओतलं. मग उभा राहून त्याने त्या ढिगापुढे तीनदा मान खाली घातली, कँटीनमध्ये मोठ्यांना नमस्कार करतात तशी, आणि मागे न बघता निघून गेला.

दाक्षायणी कडुलिंबाच्या बुंध्याआड तशीच उभी राहिली. दहा मिनिटांनी एका सांगाड्याखालच्या मातीतून दोन मोठे कान वर आले. मग टोकदार तोंड. मग मांजराएवढं राखी-तांबूस अंग, आणि सगळ्यांत शेवटी झुपकेदार शेपूट, टोकाला काळी, जणू शाईत बुडवून काढलेली. जनावराने अंडं अलगद दातांत धरलं. त्याच्या मागून चार पिल्लं धडपडत बाहेर आली. त्यांतली दोघं एका कापडाची ओढाओढ करत होती. एवढ्या लांबूनही तिला पट्टी ओळखू आली. एकशे सोळा.

‘‘खोकड हाय, म्याडम,’’ मागून बडेसाब हळूच म्हणाला. तोही डबा परत न्यायला आला होता. ‘‘मादी. ल्यांगचाचा अंडं खातच न्हाय. मला पंधरा दिवस ठावं हाय.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘खातोय म्हनल्यावर सगळे गप होते की. खोकडाला घालतोय म्हनलं असतं, तर कुनी गप बसलं असतं व्हय?’’

तिला त्या क्षणी अर्जातला चौदावा रकाना आठवत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ल्यांगला लॅबमध्ये बसवलं. त्याच्या फोनमध्ये भाषांतराची सोय होती. तो त्यात त्याच्या भाषेत बोले, आणि फोनमधली बाई ते अत्यंत शुद्ध हिंदीत, दाक्षायणीला प्रत्येक वेळी ‘महोदया’ म्हणत, ऐकवी. आधी तो घाबरला. ही तक्रार करणार असं त्याला वाटलं. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि फोनला सांगितलं की मला फक्त माहिती हवी आहे. मग तो बोलू लागला, आणि सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी बोलत राहिला.

त्याचं गाव उत्तर चीनमधलं. तिकडे, तो म्हणाला, माणसाच्या घराजवळ राहायला आलेलं खोकड म्हणजे नुसतं जनावर नसतं. शंभर वर्षं जगलं तर त्याला बाईचं रूप घेता येतं, हजार वर्षं जगलं तर नऊ शेपट्या फुटतात. गोष्टींतल्या अशा बाया कुणाला देशोधडीला लावतात आणि कुणाचा संसार उभा करून देतात. ते माणसावर असतं. पण त्याच्या आईला नऊ शेपट्यांचं कौतुक नव्हतं. तिच्या लेखी ते भाडेकरू होते. त्यांच्या धान्याच्या माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे. त्यांचं नाव घ्यायचं नाही, ‘वरचे’ म्हणायचं. दाक्षायणीला हे लगेच उमगलं, तिची आईही घरात साप हा शब्द उच्चारू देत नसे, लांबडं म्हणायची. वरच्यांना रोज एक उकडलेलं अंडं ठेवायचं. वरचे उंदीर आवरतात, घर राखतात, आणि उसनं नेलेलं भांडं परत आणून ठेवतात. आणि एक नियम. घर पाडायचं असेल, दुरुस्त करायचं असेल, तर त्यांना आधी सांगायचं. मानाने, मुदत देऊन, तीन संध्याकाळी. सांगायचं काम घरातल्या कर्त्या माणसाचं.

पुढचं तो खाली बघत बोलला, त्यामुळे फोनमधल्या बाईला अर्धं ऐकू आलं नाही आणि त्याला ते पुन्हा सांगावं लागलं.

सात वर्षांपूर्वी त्याच्या गावावरून रस्ता गेला. सगळ्यांना शहरात फ्लॅट मिळाले. तो तेव्हा परदेशात असेच लूम बसवत होता. आईने फोन केला, म्हणाली, मला आता शिडी चढवत नाही, तुझे वडील नाहीत, घरातला कर्ता तू आहेस, येऊन वरच्यांना सांगून जा. तो हसला. म्हणाला, बुलडोझरचा आवाज ऐकून ते आपले जातील. नंतर तो चौदाव्या मजल्यावर आईला भेटायला जाई तेव्हा दारातच ती विचारी, सांगितलंस का? तीन वर्षं विचारत राहिली. शेवटी एकदा तो म्हणाला, हो, सांगितलं.

‘‘तिने माझ्याकडे पाहिलं, महोदया,’’ फोनमधली बाई म्हणाली, ‘‘चौदाव्या मजल्यावरही ती खिडकीत रोज एक अंडं ठेवीत असे. त्या दिवसापासून तिने ते बंद केलं.’’

इथे आल्यावर तिसऱ्या संध्याकाळी त्याने सांगाड्यांखाली ते कान पाहिले होते. त्याच्याकडच्यांच्या शेपटीचं टोक पांढरं असतं, हिचं काळं. म्हणजे ती नव्हे, एवढं त्याला कळत होतं. तरी त्याने बडेसाबकडे खुणेने अंडं मागितलं.

दाक्षायणीचा भुताखेतांवर, शंभर वर्षं जगणाऱ्या जनावरांवर विश्वास नव्हता. पण माणूस खरं बोलतोय की नाही हे तिला कळत असे. ती त्याला म्हणाली की तो प्लॉट तर वर्षानुवर्षं असाच पडलाय, तुमच्या खोकडाला इथे काही धोका नाही.

हे बोलून तीन दिवसही झाले नाहीत, तोच शेठनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की नव्या लूमचा माल ठेवायला मागे गोडाऊन बांधायचं आहे. सांगाडे भंगारवाला उचलेल, सोमवारी जेसीबी येऊन प्लॉट सपाट करील.

ल्यांगने ते फोनमधल्या भाषांतरातून ऐकलं. त्या दिवशी त्याने सातव्या लूमचं काम अर्धवट टाकलं आणि शेडच्या पायरीवर जाऊन बसला. कुणी काही विचारलं तर मान हलवी. दाक्षायणीने एकदा जाऊन त्याच्याकडे बघितलं आणि तशीच शेठच्या केबिनमध्ये गेली. बडेसाबला तिने बोलावलं नव्हतं, पण तो दारात येऊन उभा राहिलाच.

तिने सगळं सांगितलं. अंड्याचंही सांगितलं. शेठनी अंड्याचा भाग ऐकू न आल्यासारखा केला.

‘‘म्हणजे काय करू म्हणता म्याडम? कोल्ह्याला नोटीस देऊ?’’

‘‘कोल्हा नाही, खोकड. आणि हो, नोटीसच.’’

‘‘तुम्ही एमएस्सी झालेल्या की ओ.’’

‘‘वनखात्यात फोन केला होता मी. तिथली मुलगी म्हणाली, हात लावू नका, पकडू नका, कायद्यात बसत नाही. थोडे दिवस द्या, पिल्लं चालती झाली की आई त्यांना आपणहून दुसऱ्या बिळात नेते.’’

शेठनी पेन बोटांत फिरवलं. कायद्याचं नाव त्यांना आवडलं नव्हतं, आणि जेसीबीवाल्याला शब्द दिलेला होता. थोडे दिवस म्हणजे किती, ते म्हणाले, जनावराच्या मर्जीवर गिरणी चालवायची का.

आकडा तिच्याकडे नव्हता. पिल्लं पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा बाहेर दिसली असं बडेसाब म्हणाला होता. पिल्लं साधारण पंचवीस दिवसांची झाल्यावर बाहेर येतात. ती मनातल्या मनात बेरीज करत होती, आणि करता करता तिला तिची स्वतःची अंधारी खोली आठवली, अक्कलकोटची. खाटेखाली शेगडी, ओव्याचा धूर, दारात आई, कुणाला आत येऊ न देणारी.

‘‘शेठ,’’ ती म्हणाली, ‘‘तिचा सव्वा महिना आत्ता कुठे होत आलाय. ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढायचं का?’’

बडेसाब दारात पाय बदलून उभा राहिला. शेठनी पेन खाली ठेवलं. त्यांची धाकटी मुलगी गेल्या महिन्यातच बाळंतपणाला घरी आली होती, हे गिरणीत सगळ्यांना माहीत होतं. दाक्षायणीला मात्र त्या क्षणी ते ध्यानात नव्हतं. तिने ते मुद्दाम काढलं असं शेठना नंतरही वाटत राहिलं.

‘‘पुढच्या गुरुवारपर्यंत,’’ ते म्हणाले. ‘‘सांगाडे तोवर राहू द्या. गुरुवारी सकाळी आठला जेसीबी येणार म्हणजे येणार. आणि नोटीस काय ती तुम्हीच द्या. माझी सही नाही तिच्यावर.’’

दहा दिवस मिळाले. आता एक अडचण उरली होती. वनखात्यातली मुलगी म्हणाली होती की खायला घालणं बंद करा, नाहीतर ते जागा सोडणार नाही. आणि ल्यांग म्हणत होता की अंडं बंद करणं म्हणजे हाकलणंच, तो त्याला तयार नव्हता. दाक्षायणीने एक रात्र विचार केला आणि सकाळी आलेखाच्या कागदावर प्लॉटचा नकाशा काढून आणला. सांगाड्यांपासून मागच्या भिंतीतल्या खिंडारापर्यंत शहाण्णव पावलं होती. खिंडारापलीकडे माळ सुरू होई, गवताचा, मोहोळ गावाच्या बाजूला पसरत गेलेला. वीट रोज बारा पावलं पुढे सरकवायची. आठव्या दिवशी ती खिंडाराबाहेर जाईल. ल्यांगने कागद उलटसुलट करून बघितला आणि पहिल्यांदा हसला. लूमवर ताण बदलायचा असला की तोही असाच बदलत असे, धागा तुटू न देता, रोज थोडा थोडा.

नोटिशीचं ठरलं ते असं. हे खोकड सोलापूरचं, त्याला चिनी कशी कळणार, असं ल्यांगचं म्हणणं पडलं, म्हणून ती मराठीत लिहायची. दाक्षायणीने लिहिली, पण तिला एकच भाषा लिहिता येत होती, ‘कळविण्यात येते की’ आणि ‘उपरोक्त जागा’ अशी. शेवटच्या तीन संध्याकाळी वाचून दाखवायची. सोमवारी ती बडेसाबने वाचली, छाती पुढे काढून, तहसीलचा शिपाई पुकारा करतो तशी. बिळात हालचालसुद्धा झाली नाही. ल्यांग कष्टी झाला. हा आवाज चोरांसाठी, त्याने फोनमधून सांगितलं. शिवाय घरच्या कर्त्या माणसाने सांगायला हवं, तो तर इथे पाहुणा, आणि अंडं त्याच हाताने ठेवायला हवं. तो दाक्षायणीकडे बघत राहिला. तिने विषय बदलला.

मंगळवारी पारा बेचाळीसवर गेला. ल्यांगने मागे राहिलेलं काम भरून काढायला दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये घालवला आणि साडेतीनला नवव्या लूमशेजारी खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी उन्हाचा झटका म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलं, सलाईन लावलं. बडेसाब त्याच्यापाशी थांबला. पाचच्या सुमाराला बडेसाबच्या फोनवरून दाक्षायणीला त्या शुद्ध हिंदीतला आवाज ऐकू आला. महोदया, तो म्हणाला, आज दुसरी संध्याकाळ आहे. मग फोनवर बडेसाब आला, म्हणाला, ‘‘म्याडम, चाचा सलाईन काढून निघालाय. धरून ठेवलाय मी. जावा की तुमीच.’’

माजिदाने दिलेला डबा गेटवरच्या टेबलावर होता. दाक्षायणीने तो लॅबमध्ये आणला, उघडला आणि बराच वेळ बघत उभी राहिली. शेहेचाळीस वर्षांत तिने अंड्याला हात लावला नव्हता. तिने रंगाच्या चाचणीचा लांब चिमटा काढला, अंड्यावर धरून पाहिला, आणि मग चिमटा परत जागेवर ठेवला. पाहुण्याला चिमट्याने कोण वाढतं. तिने अंडं हातात घेतलं. ते अजून कोमट होतं. एवढं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी वीट खिंडाराच्या बारा पावलं अलीकडे होती. तिने त्यावर अंडं ठेवलं, झाकणात पाणी ओतलं, आणि परत सांगाड्यांपाशी येऊन, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, कागद उघडला. ‘आपणांस कळविण्यात येते की,’ तिने वाचलं. पुढचं तिच्या तोंडून येईना. बिळातून एक कान दिसत होता, तिच्याकडे वळलेला. मागे लूम थांबले होते, पाळी बदलत होती, आणि इतकी शांतता होती की आत पिल्लांचं कुईकुई ऐकू येत होतं.

तिने कागदाची घडी घातली आणि खाली बसली. मग तिची आई गेल्यापासून ती ज्या भाषेत फारशी बोलली नव्हती, त्या कानडीत बोलू लागली. हेदरब्याड अव्वा, ती म्हणाली, घाबरू नकोस बाई. तुझा सव्वा महिना झाला. लेकरं चालायला लागली. गुरुवारी इथे मोठं यंत्र येणार आहे, ते आंधळं असतं, त्याला लेकरं दिसत नाहीत. भिंतीपलीकडे गवत आहे, तिथे जा. सावकाश जा, पण बुधवारच्या रात्रीपर्यंत जा. टॉवेल घेऊन गेलीस तरी चालेल. एवढं बोलून तिला काय वाटलं कोण जाणे, तिने लिंबाचं एक पान तोडून बिळापुढे ठेवलं, बाळंतिणीच्या दारात लावतात तसं.

बुधवारी तिने तेच पुन्हा सांगितलं, आणि अंडं खिंडाराबाहेर ठेवलं. निघताना तिने आणखी एक केलं, ते मात्र तिच्या शिक्षणाप्रमाणे. बिळाला तीन तोंडं होती. तिन्हींपुढे तिने चाळणीने रांगोळीचा पातळ थर चाळला.

गुरुवारी साडेसहालाच ती गिरणीत पोचली. दोन तोंडांपुढची रांगोळी कोरी होती. तिसऱ्यापुढे मोठी पावलं होती, त्यांच्याभोवती लहान, एकमेकांवर पडलेली, लहान तेवढी सगळी बाहेर जाणारी, खिंडाराच्या दिशेने. पण मोठी पावलं तीनदा बाहेर गेली होती आणि दोनदा आत आली होती. लहान किती, ते तिला मोजता येईना. तीन असतील. चार असतील. तिने दोनदा मोजली, गुडघे टेकून, आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

आठला जेसीबी आला. पाठोपाठ शेठ आले. त्यांनी रांगोळी बघितली, खिंडार बघितलं, म्हणाले, गेली की, झालं तुमच्या मनासारखं.

‘‘एखादं आत असू शकेल,’’ दाक्षायणी म्हणाली. ‘‘मला खात्री देता येत नाही.’’

‘‘किती खात्री पाहिजे?’’

‘‘ती अंधार पडायच्या सुमाराला फिरते. संध्याकाळी सातपर्यंत थांबा. राहिलं असेल तर न्यायला येईल.’’

‘‘म्याडम, आठ म्हणजे आठ ठरलं होतं.’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘‘सातपर्यंत नाही.’’

ती बिळासमोर एका सांगाड्यावर बसली. ते बिड तेव्हाच तापायला लागलं होतं. शेठ तिच्याकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांत या बाईने आपल्याला पहिल्यांदा नाही म्हटलं, असं ते नंतर घरी सांगत होते म्हणे. त्या वेळी ते एवढंच म्हणाले की समोरचा रस्ताही उकरायचा आहेच, आधी तो करा, आणि जाता जाता म्याडमना छत्री आणून द्या म्हणून कुणाला तरी सांगून गेले.

दिवसभर काही झालं नाही. दुपारी बिळातून एकदा, अगदी बारीक, कुईकुई आली. तिने ती ऐकली आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

पावणेसातला खिंडारात दोन कान दिसले. खोकड विटेवरचं अंडं हुंगून, न घेता, सरळ पुढे आलं. ते तिच्यापासून आठ-दहा पावलांवर थांबलं. दाक्षायणीने आयुष्यभर फक्त बघायचं काम केलं होतं, डोळे न हलवता, चष्मा पुसून पुसून. पण ल्यांगने सांगितलं होतं की वरचे घर सोडताना आपण त्यांच्याकडे बघायचं नसतं, त्यांना संकोच होतो. तिने मान खाली घातली. मातीवर हलकी पावलं ऐकू आली. बिळात खसफस. मग पुन्हा पावलं, या वेळी दुहेरी, एक सलग आणि एक अडखळत. तिने शंभरपर्यंत मोजलं आणि वर बघितलं. माळावर गवत हलत होतं, पण ते वाऱ्यानेही असेल.

सकाळी खुणा पुसून तिने रांगोळी नव्याने चाळली होती. आता तिच्यावर मोठी पावलं होती, एकदा आत, एकदा बाहेर. आणि बाहेर जाणाऱ्यांच्या शेजारी एकच लहान रांग. राहिलेलं पिल्लू स्वतःच्या पायांनी गेलं होतं. बिळाच्या तोंडाशी लिंबाचं पान नव्हतं. टॉवेलही नव्हता.

दवाखान्यात ल्यांग उशीला टेकून बसला होता. ती दारात दिसताच त्याने फोन उचलला, मग तो गादीवर ठेवून दिला आणि त्याच्या भाषेत दोनच शब्द बोलला. तिला ती भाषा येत नव्हती. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला तो काय विचारणार हे तिला ठाऊक होतं.

‘‘सांगितलं,’’ ती म्हणाली, आणि चार बोटं दाखवली.

ल्यांगने तोंड भिंतीकडे फिरवलं. बडेसाब उठून पाण्याची बाटली भरायला बाहेर गेला, ती भरलेलीच होती तरी. दाक्षायणी स्टुलावर बसून राहिली. सलाईन थेंब थेंब उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गिऱ्हाइकाला अर्जाची दुरुस्त प्रत पाठवली. चौदाव्या रकान्यात लिहिलं होतं: ‘होते. खोकड, एक मादी, चार पिल्लं. मुदत दिल्यावर आपणहून गेले.’

ल्यांग शनिवारी कामावर परतला. माजिदाने सवयीने डबा भरून दिला होता, आणि बडेसाब तो घेऊन कँटीनच्या पायरीपाशी घुटमळत होता, आता याचं काय करायचं म्हणून. ल्यांगने डबा त्याच्या हातून घेतला. पायरीवर बसला. अंडं दगडावर हलकेच आपटलं, सावकाश सोललं, कवच एका कागदावर गोळा केलं, आणि चारचौघांत, भर दुपारी, ते खाल्लं. मल्लिनाथशेठ समोरून चालले होते. ते दोनदा खोकले आणि लिंबाकडे बघत पुढे गेले.